रक्ताच्या मूलपेशींमधलं एपिजेनेटिक नियंत्रण: प्रयोग कसा आखावा आणि कसा वाचावा

तुमच्या हातात एक जनुक आलं आहे. डीएनएवरचं मिथिलेशन (त्यावर बसलेले छोटे मिथिल गट) किंवा हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या) खुणा हाताळणारं एखादं एन्झाइम ते बनवतं. डीएनएचा क्रम न बदलता जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या अशा नियंत्रणाला एपिजेनेटिक म्हणतात. रक्ताच्या मूलपेशींमध्ये हे एन्झाइम नेमकं काय करतं, ते शोधायचं काम तुमच्याकडे आहे. असं धरून हा लेख लिहिला आहे.

नव्यानं या कामात उतरलेले बरेच जण थेट सिक्वेन्सिंगकडे, म्हणजे डीएनएचा क्रम वाचण्याकडे, धाव घेतात. पेशी गोळा करायच्या, मिथिलेशनचा नकाशा काढायचा आणि कुठे फरक पडला ते शोधायचं. फरक हमखास सापडतो, पण त्याचा अर्थ लागत नाही. म्हणून माझा आग्रह वेगळ्या क्रमाचा आहे. आधी पेशी नीट ओळखा. मग ती काय करू शकते ते तपासा. खुणा त्यानंतर मोजा. आणि खूण हे कारण आहे की परिणाम, हे सोडवल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

या क्रमामागे इतिहासही आहे. १९६१ साली टोरंटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना अस्थिमज्जेच्या पेशी टोचल्या आणि त्यांच्या प्लीहेवर उठलेल्या गाठी मोजल्या. तेव्हापासून रक्ताची मूलपेशी तिच्या रूपावरून नव्हे, कामावरून ठरते. स्वतःसारखी पेशी तयार करणं आणि सगळ्या प्रकारच्या रक्तपेशी देणं, ही दोन कामं जी करते ती मूलपेशी.

आधी पात्रं ओळखून घ्या

डीएनएमटी हे एन्झाइमचं कुटुंब डीएनएवर मिथिल गट बसवतं. डीएनएमटी१ पेशीविभाजनाच्या वेळी जुना नमुना नव्या धाग्यावर उतरवतं, तर डीएनएमटी३ए आणि ३बी नव्या जागी मिथिलेशन करतात. टेट कुटुंब त्या मिथिल गटाचं ऑक्सिडेशन करून तो काढण्याची वाट मोकळी करतं. हिस्टोनच्या बाजूला पॉलिकोम्बचे दोन संच आहेत. पीआरसी२ हा एच३ हिस्टोनच्या २७ क्रमांकाच्या लायसिनवर तीन मिथिल गट बसवून जनुक दाबतो. पीआरसी१मध्ये बीएमआय१ असतं. २००३ साली दोन गटांनी दाखवलं की बीएमआय१ नसेल तर मूलपेशी स्वतःला टिकवू शकत नाहीत. याच्या उलट, एमएलएल कुटुंब एच३च्या ४ क्रमांकाच्या लायसिनवर खूण करतं आणि होक्सए९सारखी जनुकं चालू ठेवायला मदत करतं.

इथे एक गोष्ट थांबून समजून घ्यायला हवी, कारण सगळ्या विषयाचं मर्म तिच्यात आहे. डीएनएमटी३ए मिथिल गट बसवतं, टेट२ तो काढायला घेतं. कामं उलटी, म्हणून परिणामही उलटे असतील असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उंदरात यातलं कुठलंही जनुक काढलं तरी मूलपेशी बाजूच्या निरोगी मूलपेशींवर मात करून वाढतात. माणसाच्या वाढत्या वयात रक्तात एकाच पेशीचे वंशज पसरतात, त्यातही सगळ्यात जास्त बदल याच दोन जनुकांत सापडतात. म्हणजे ‘मिथिलेशन वाढलं म्हणजे असं, कमी झालं म्हणजे तसं’ हे सूत्र इथे चालत नाही. खूण जीनोममध्ये कुठे पडली, कुठल्या पेशीत पडली आणि ती पुसली जायला हवी होती तेव्हा काय झालं, हे पाहावं लागतं.

पहिली पायरी: प्रश्न नेमका करा

‘हे जनुक मूलपेशींसाठी महत्त्वाचं आहे का?’ या प्रश्नावर प्रयोग आखता येत नाही. त्याचे तुकडे करा. मूलपेशींची संख्या बदलते का? त्यांची सेल्फ-रिन्यूअलची, म्हणजे विभाजनानंतरही मूलपेशीच राहण्याची क्षमता बदलते का? की पुढच्या पेशींमध्ये रूपांतर होताना अडचण येते? ही तीन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जाऊ शकतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएमटी३एच्या कामात नेमकं हेच दिसलं: एकापाठोपाठ एक पुनर्रोपणं (एका उंदराच्या पेशी दुसऱ्यात रोपणं) करत गेल्यावर अस्थिमज्जेत मूलपेशी साचत गेल्या, पण त्यांच्यातून परिपक्व रक्तपेशी तयार होण्याचं प्रमाण घटत गेलं. फक्त रक्त तपासलं असतं तर पेशी दुबळ्या झाल्या असं वाटलं असतं.

याच टप्प्यावर जनुकाची भावंडं, म्हणजे तसंच काम करणारी जनुकं, शोधा. पीआरसी२मधलं मिथिल बसवणारं ईझेडएच२ प्रौढ उंदरातून काढलं तर मूलपेशींवर परिणाम सौम्य असतो, कारण त्याचं भावंड ईझेडएच१ बरंचसं काम उचलतं. दोघांनाही लागणारं ईईडी काढलं की मात्र मूलपेशी संपतात. भ्रूणाच्या यकृतातल्या मूलपेशी ईझेडएच२वर जास्त अवलंबून असतात. तेव्हा ‘परिणाम नाही’ असं लिहिण्याआधी भावंड आणि वय, दोन्ही तपासलेली हवीत.

दुसरी पायरी: जनुक कधी आणि कुठे बंद करायचं

प्राण्यांवरच्या प्रयोगाची नैतिक मंजुरी आधी घ्या. त्यानंतरचा मोठा निर्णय क्री-उंदराचा. क्री हे आधी आखून ठेवलेला जनुकाचा तुकडा कापून टाकणारं एन्झाइम; ते कुठे आणि कधी चालू होईल हे उंदराच्या वाणावर ठरतं.

एमएक्स१-क्री सगळ्यात जास्त वापरलं जातं. पॉली-आयसी (विषाणूच्या आरएनएसारखा रेणू) टोचलं की शरीरात इंटरफेरॉन हे संदेश देणारं प्रथिन तयार होतं आणि क्री चालू होतं. अडचण अशी की इंटरफेरॉन स्वतःच झोपलेल्या मूलपेशींना जागं करून विभाजनात ढकलतं, हे २००९पासून माहीत आहे. म्हणून शेवटच्या टोचणीनंतर किमान चार आठवडे थांबा. नियंत्रण गटातल्या उंदरांमध्येही क्री हवं आणि त्यांनाही पॉली-आयसी द्यायलाच हवं. क्री नसलेली भावंडं नियंत्रण म्हणून वापरलेली दिसली की मी त्या निकालाकडे सावधपणे बघते.

एमएक्स१-क्री यकृतात आणि अस्थिमज्जेतल्या आधारपेशींमध्येही चालतं. मूलपेशीत दिसलेला बदल तिच्या आतून आला की शेजाऱ्यांमुळे, हे कळायला एक सरळ उपाय आहे: जनुक शाबूत असतानाच मज्जा निरोगी उंदरात रोपा, ती रुजू द्या आणि मग पॉली-आयसी द्या. आता आधारपेशी निरोगी उंदराच्या आहेत आणि जनुक फक्त रोपलेल्या रक्तपेशींमध्ये गेलं आहे.

व्हॅव-क्री भ्रूणावस्थेतच काम सुरू करतं, त्यामुळे प्रौढ उंदरात दिसणारा दोष कदाचित जन्माआधीचा असतो. टॅमोक्सिफेनवर चालणारी क्री वेळ साधायला चांगली, पण टॅमोक्सिफेनच्या मोठ्या मात्रेचा रक्तपेशींवर स्वतःचा परिणाम होतो. इथेही नियंत्रण गटाला तेच औषध द्या.

जनुक खरोखर गेलं का, ते वेगळ्या काढलेल्या मूलपेशींवर पीसीआर करून बघा. मग पुनर्रोपणाच्या शेवटी पुन्हा बघा. एन्झाइम मूलपेशीला जगायला लागत असेल, तर ज्या थोड्या पेशींमध्ये क्रीचं काम झालंच नाही त्याच पेशी पुढे जातात. सोळा आठवड्यांनी रक्त अगदी छान दिसतं आणि त्यातल्या प्रत्येक पेशीत जनुक शाबूत असतं. ही दुसरी पीसीआर राहून गेली, तर निष्कर्ष नेमका उलटा निघतो.

तिसरी पायरी: पेशी वेगळ्या काढा

मांडीची, नडगीची आणि कमरेची हाडं घ्या. बर्फावर काम करा. थोडं सीरम घातलेल्या बफरमध्ये मज्जा काढा आणि ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. सी-किट या पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या चुंबकीय मण्यांनी आधी गाळून घेतलं तर सॉर्टरवरचे (रंगीत अँटिबॉडींवरून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रावरचे) तास वाचतात.

परिपक्व पेशींच्या खुणा नसलेल्या, पण स्का-१ आणि सी-किट ही पृष्ठभागावरची प्रथिनं असलेल्या पेशींना एलएसके म्हणतात. या गटात मूलपेशी आहेत, पण बहुसंख्य पेशी पूर्वजपेशी (मूलपेशीपासून झालेल्या, पण तिच्यासारख्या दीर्घकाळ न टिकणाऱ्या) आहेत. केवळ एलएसकेवर काढलेल्या मिथिलेशनच्या नकाशाला मूलपेशींचा नकाशा म्हणता येत नाही. त्यात पृष्ठभागावर सीडी१५० हे प्रथिन असलेल्या आणि सीडी४८ नसलेल्या पेशी निवडा. ही जोडी २००५ साली मॉरिसन यांच्या प्रयोगशाळेनं मांडली. अशी एकेक पेशी टोचल्यावर त्यांच्या प्रयोगात जवळपास निम्म्या पेशींनी उंदराचं रक्त दीर्घकाळ चालवलं. एका उंदरातून अशा पेशी काही हजारच मिळतात. पुढच्या पायरीचं गणित या आकड्यावर ठरतं.

गेट, म्हणजे कुठल्या पेशी निवडायच्या त्याच्या यंत्रावरच्या सीमा, लावताना प्रत्येक रंगासाठी ‘तो एक सोडून बाकी सगळे’ असं नियंत्रण ठेवा आणि मृत पेशी डाय वापरून वगळा. आता तीन खाचखळगे.

पहिला आणि सगळ्यात फसवा: इंटरफेरॉनमुळे पेशीवरची स्का-१ वाढते. स्का-१ नसलेली पूर्वजपेशी दाहाच्या काळात अचानक एलएसकेच्या गेटमध्ये येऊन बसते. एन्झाइम काढल्यावर दाह वाढत असेल, आणि टेट२च्या बाबतीत ही शक्यता खरी आहे, तर ‘एलएसके तिप्पट झाल्या’ हा आकडा मूलपेशींबद्दल काहीच सांगत नाही. शंका आली तर स्का-१वर न विसंबता सीडी१५०, सीडी४८ आणि ईपीसीआर या पृष्ठभागावरच्या खुणांच्या आधारे पुन्हा मोजा, आणि निवाडा पुनर्रोपणावर सोडा.

दुसरा: भ्रूणाच्या यकृतातल्या मूलपेशींवर मॅक-१ (एरवी परिपक्व पेशींची खूण) थोडं असतं. प्रौढांसाठीचं अँटिबॉडीचं मिश्रण तसंच वापरलं तर हव्या त्याच पेशी गाळल्या जातात. तिसरा: बीएएलबी-सी जातीच्या उंदरांत स्का-१ फार कमी दिसते. ही गेटं सी५७ब्लॅक६ जातीसाठी आहेत.

चौथी पायरी: पुनर्रोपण

सगळ्या लेखातली ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि वेळेअभावी हीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

रक्तपेशींवरच्या सीडी४५ या प्रथिनाचे उंदरात दोन प्रकार आहेत. दाता सीडी४५.२, ग्राहक सीडी४५.१ आणि स्पर्धक पेशी दोन्ही प्रकार असलेल्या संकरित उंदराच्या, अशी मांडणी केली की तिघांचं रक्त वेगवेगळं ओळखता येतं. ग्राहकाला दोन हप्त्यांत मिळून साधारण ९ ते ११ ग्रे किरणोत्सर्ग द्यावा लागतो. नेमकी मात्रा तुमच्या यंत्रावर आणि उंदरांच्या वसाहतीत ठरवून घ्या. दात्याच्या निवडक पेशींबरोबर स्पर्धक म्हणून साधारण दोन लाख पूर्ण मज्जापेशी देतात.

दर चार आठवड्यांनी रक्त तपासा आणि सोळा आठवड्यांच्या आत निष्कर्ष काढू नका. सुरुवातीचं रक्त अल्पायुषी पूर्वजपेशींचंही असतं. वाचताना पेशींचे प्रकार वेगळे ठेवा. न्यूट्रोफिल फार थोडा काळ जगतात, म्हणून त्यांच्यातला दात्याचा वाटा मूलपेशी आज काय करत आहेत ते सांगतो. टी-पेशी महिनोन् महिने जगतात, त्यांच्यातला वाटा जुन्या काळाची नोंद असते. सगळ्या पेशींचा एकच टक्का काढून आलेख रंगवला तर ही माहिती हरवते.

सोळा आठवड्यांनी मज्जा उघडा, त्यात दात्याच्या मूलपेशी मोजा आणि दुसऱ्या उंदरात पुन्हा रोपा. सेल्फ-रिन्यूअलची खरी परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या पुनर्रोपणात होते. साध्या मूलपेशी काही फेऱ्यांत थकतात. डीएनएमटी३ए नसलेल्या पेशी मात्र बारा फेऱ्यांपर्यंत टिकल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं आहे. पहिल्या फेरीवर थांबणाऱ्याला यातलं फारसं काही दिसलं नसतं.

मूलपेशींची वारंवारता काढायची असेल तर वेगवेगळ्या मात्रा देऊन बघा. ज्या मात्रेला ३७ टक्के उंदरांमध्ये दात्याचं रक्त रुजत नाही, त्या मात्रेत सरासरी एक मूलपेशी असते.

पाचवी पायरी: खुणा मोजा

आधी साहित्य किती आहे ते बघा. उंदराच्या एका पेशीत साधारण ६ पिकोग्रॅम डीएनए असतो. हजार पेशी म्हणजे ६ नॅनोग्रॅम. प्रत्येक निवड या आकड्यावरून करायची आहे.

मिथिलेशनसाठी बायसल्फाइट ही जुनी, भरवशाची पद्धत. मिथिल नसलेलं सायटोसिन युरॅसिल होतं आणि सिक्वेन्समध्ये थायमिन म्हणून वाचलं जातं. पण ही प्रक्रिया डीएनएचे तुकडे करते, त्यामुळे थोड्या पेशी असतील तर एन्झाइमवर आधारलेली सौम्य पद्धत बरी. दोन्हींत मिथिल नसलेला लॅम्डा फाज या विषाणूचा डीएनए घाला. त्याचं रूपांतर ९९ टक्क्यांहून जास्त झालं नसेल तर तो नमुना बाद. आणि टेट२वर काम करणाऱ्यांनी हे विसरू नये की साधं बायसल्फाइट मिथिल आणि हायड्रॉक्सिमिथिल यांत भेद करत नाही. टेट२ जे बनवतं तेच त्यात दिसत नाही.

क्रोमॅटिन (डीएनए आणि हिस्टोन यांची गुंडाळी) कुठे उघडं आहे ते पाहायला एटॅक-सेक घ्या. २०१३ची मूळ कृती ५०,००० पेशींसाठी होती, पण काही हजार पेशींवरही ती चालते. डीएनए कापणाऱ्या टीएन५ या एन्झाइमचं प्रमाण मात्र पेशींच्या संख्येनुसार कमी करा, नाहीतर तुकडे अति बारीक होतात. लायब्ररीत (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेल्या तुकड्यांत) सुमारे २०० बेस-जोड्यांच्या अंतरानं न्यूक्लिओसोमच्या, म्हणजे हिस्टोनभोवतीच्या डीएनएच्या वेटोळ्यांच्या, पायऱ्या दिसल्या पाहिजेत.

हिस्टोनच्या खुणांसाठी जुनं चिप-सेक इथे परवडत नाही, त्याला पेशी फार लागतात. कट-अँड-रन पद्धतीनं एच३के२७एमई३ची (पीआरसी२ बसवतो ती) खूण शंभर पेशींतही वाचल्याचं प्रसिद्ध झालं आहे. मी तरी हजाराच्या खाली जाणार नाही. मोजताना बाहेरचा ठरावीक डीएनए प्रत्येक नळीत घाला. पीआरसी२ बंद केल्यावर खूण सगळ्या जीनोमभर घटते. पण दोन्ही नमुन्यांतून सारखेच रीड (वाचलेले तुकडे) घेऊन तुलना केली तर ती घट दिसतच नाही, उलट उरलेल्या शिखरांची उंची वाढल्याचा भास होतो. बाहेरच्या डीएनएशी प्रमाण जुळवलं की खरं चित्र येतं.

एकाच वेळी सॉर्ट केलेल्या पेशींचा एक भाग आरएनएसाठी राखून ठेवा. आणि पुनरावृत्ती म्हणजे वेगळे उंदीर. एकाच उंदराच्या पेशी तीन नळ्यांत वाटल्या तर ती पुनरावृत्ती होत नाही.

सहावी पायरी: आकडे वाचताना

एका पेशीत एका जागेच्या दोनच प्रती असतात. त्या जागेचं मिथिलेशन शून्य, निम्मं किंवा पूर्ण असू शकतं. तुमच्या नकाशात ६० टक्के दिसतं, ते मिश्रण असतं. आता हे गणित करून बघा. एक जागा मूलपेशींत ९० टक्के आणि पूर्वजपेशींत १० टक्के मिथिल आहे. गेटमध्ये ५ टक्के भेसळ असेल तर सरासरी ८६ येते. भेसळ २० टक्के झाली तर ७४. एन्झाइमनं त्या जागेला हातही लावलेला नाही, तरी १२ टक्क्यांचा फरक पडला. असा फरक दिसला की पेशी शुद्ध होत्या का, हा पहिला प्रश्न. एकपेशीय एटॅक किंवा आरएनएचा छोटा प्रयोग यावर उत्तर देतो.

दुसरी शंका पेशीचक्राची. प्रौढ मूलपेशी बहुतेक काळ झोपलेल्या असतात. जनुक काढल्यानं त्या विभाजित व्हायला लागल्या, तर मिथिलेशन सांभाळणारी यंत्रणा मागे पडून खूण विरळ होऊ शकते. तिसरी वयाची: म्हाताऱ्या उंदरात मूलपेशींची संख्या वाढते, कुवत घटते, आणि खुणांचा नकाशाही बदलतो. दोन्ही गटांचं वय आठवड्यापर्यंत जुळवा.

एन्हान्सरला (जनुकाचं काम दुरून वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला) सगळ्यात जवळचं जनुक जोडून देण्याची सवय सोडा. जवळचं जनुक हा अंदाज आहे, तो आरएनएशी ताडून बघावा लागतो.

सातवी पायरी: कारण की परिणाम

प्रथिन काढल्यावर बदल दिसला, म्हणजे तो त्याच्या खुणेमुळेच झाला, असं ठरत नाही. याचं उत्तम उदाहरण एमएलएल१. ते पूर्ण काढलं तर मूलपेशी टिकत नाहीत. पण एच३के४वर मिथिल बसवणारा त्याचा भागच तेवढा काढला, तर रक्तनिर्मिती जवळपास सुरळीत चालते, हे २०१४ साली दिसलं. म्हणजे तिथे प्रथिन लागतं, त्याची ती खूण करण्याची क्षमता लागत नाही. म्हणून जमेल तिथे एन्झाइमचं काम बंद पाडलेलं पण प्रथिन शाबूत असलेलं उत्परिवर्तन वापरा.

मग साखळी तोडून बघा. बीएमआय१ नसताना आयएनके४ए आणि एआरएफ ही दाबलेली जनुकं चालू होतात. ती जनुकंही काढून टाकली की मूलपेशींची ताकद बरीचशी परत येते, म्हणून ती कारणसाखळीत आहेत हे पटतं. एका ठरावीक जागी शंका असेल तर निष्क्रिय कॅस९ला (डीएनए न कापता ठरावीक जागी जाऊन बसणाऱ्या प्रथिनाला) मिथिल बसवणारं किंवा काढणारं एन्झाइम जोडून फक्त तिथली खूण बदला आणि पेशी पुन्हा रोपा. मेहनतीचं काम आहे, पण याच्याइतका थेट पुरावा दुसरा नाही.

चयापचयही विसरू नका. टेट एन्झाइमना लोह आणि अल्फा-कीटोग्लुटारेट लागतं, आणि क जीवनसत्त्वानं त्यांचं काम वाढतं. उंदीर ते स्वतः बनवतात, माणूस बनवत नाही. अल्फा-कीटोग्लुटारेट बनवणारं आयडीएच१ किंवा २ हे एन्झाइम बिघडलं की तयार होणारं २-हायड्रॉक्सिग्लुटारेट टेट२ला अडवतं. टेट२चं जनुक निर्दोष असूनही त्याचं काम बंद पडलेलं असू शकतं.

आठवी पायरी: माणसाच्या पेशींकडे जाताना

माणसात स्का-१ची खूण नाही आणि सीडी१५०ही उंदरासारखी उपयोगी पडत नाही. इथे सीडी३४ व सीडी९० असलेल्या, सीडी३८ व सीडी४५आरए नसलेल्या आणि सीडी४९एफ असलेल्या पेशी निवडतात आणि त्या प्रतिकारशक्ती नसलेल्या एनएसजी उंदरात रोपतात.

रक्ताच्या साध्या नमुन्यावर काम करत असाल तर क्लोनल हिमॅटोपोएसिस, म्हणजे रक्तात एकाच पेशीचे वंशज पसरणं, आधी तपासा. २०१४ साली मोठ्या लोकसमूहांच्या अभ्यासांत दिसलं की सत्तरीपुढच्या दहा टक्क्यांहून जास्त लोकांच्या रक्तात असा वाढलेला वंश असतो, आणि त्यात डीएनएमटी३ए, टेट२ व एएसएक्सएल१ आघाडीवर आहेत. रूढ मर्यादा २ टक्के अ‍ॅलील-वाट्याची. हा वाटा म्हणजे त्या जागेच्या वाचलेल्या प्रतींपैकी बदललेल्या प्रती; बदल जनुकाच्या एकाच प्रतीत असेल तर २ टक्के म्हणजे सुमारे ४ टक्के पेशी. याच्या खाली जायचं असेल तर प्रत्येक मूळ रेणूला वेगळा बारकोड लावा, नाहीतर सिक्वेन्सिंगच्या चुका आणि खरे बदल यांत फरक करता येत नाही. ‘निरोगी वृद्ध’ म्हणून घेतलेला नियंत्रण गटही यातून गाळून घ्या.

आणि पूर्ण रक्तातून काढलेला मिथिलेशनचा आकडा मूलपेशींचा नसतो, तो त्या दिवशीच्या न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट आणि मोनोसाइट यांच्या प्रमाणाचा असतो. डीएनए काढण्याआधी पेशींची गणना नोंदवा, सीडी३४ पेशी वेगळ्या काढून गोठवा आणि त्यांची एक जिवंत कुपी नायट्रोजनमध्ये ठेवा. शोधनिबंधाचे परीक्षक पुनर्रोपण मागतात तेव्हा तीच कुपी लागते.